पाचफुटी टाकी आणि गायकवाड बाईंची छत्री

"काका, पंधरा हजार लिटरवाले दोन पंप घेऊ. फायनल," नितीन म्हणाला आणि त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

घाटकोपरला पंतनगरातल्या एका नव्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, रिकाम्या हॉलमध्ये आम्ही जमिनीवर बसलो होतो. भिंतींना अजून रंगाचा वास होता. माझ्या हातात टेप, नितीनच्या हातात मोबाईल, आणि घरातल्या एकुलत्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची आई, गायकवाड बाई, मांडीवर वही घेऊन. जुनी इमारत पाडून नवी झाली होती. हॉल दुपटीने मोठा झाला होता. त्यामुळे बाईंची दोनशे लिटरची समुद्री टाकी जाऊन तिथे पाच फुटांची येणार होती. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. पाणी साधारण सव्वापाचशे लिटर.

मी मुलुंडला अ‍ॅक्वेरियमचं छोटं दुकान चालवतो. गेली बावीस वर्षं माशांच्या टाक्या लावतो, त्यातली पंधरा वर्षं समुद्री. समुद्री टाकी म्हणजे खारं पाणी, दगड, रंगीत मासे आणि प्रवाळ. प्रवाळाला आमच्या धंद्यात कोरलच म्हणतात. दिसायला झाड, पण असतो प्राणी. जागचा हलत नाही. म्हणून त्याच्यापर्यंत खाणं, प्राणवायू पोचवायचा आणि त्याच्या अंगावरची घाण न्यायची, हे सगळं काम पाण्याच्या प्रवाहाला करावं लागतं. टाकीत दिवे किती भारी आहेत ते गिऱ्हाईक लगेच बघतं. प्रवाह दिसत नाही, म्हणून त्यात सगळ्यात जास्त चुका होतात. माझ्याही झाल्या आहेत. त्यातली एक गायकवाडांच्या जुन्या घरातच झाली होती, आणि ती फक्त मला माहीत होती.

नितीनच्या मोबाईलवर परदेशातल्या एका टाकीचा व्हिडिओ चालू होता. पाणी नुसतं घुसळून निघत होतं.

"झकास ना?" तो म्हणाला.

"झकास. पण आत काय ठेवलंय बघ."

"कोरल."

"दगडी कोरल. सांगाडा असलेली. आपल्याकडे ती कायद्याने संरक्षित आहेत. मी त्या वाटेला जात नाही. आपण ठेवतो ती मऊ, सॉफ्ट कोरल. एवढं पाणी मारलंस तर तुझी मश्रूम कोरल दगडावरून सुटून टाकीभर फिरत बसतील."

"मग किती पाहिजे?"

"तेच ठरवायला आलोय."

बाईंनी वहीतून डोकं वर काढलं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. त्यांच्यासमोर कुठलाही आकडा बोलण्याआधी मी तो मनात दोनदा तपासतो.

"सावंत, माझं एकच आहे," त्या म्हणाल्या. "पंप कुठलाही घ्या, चिलर कुठलाही घ्या. माझी छत्री जगली पाहिजे."

मी टेप गुंडाळली. "जगेल बाई," म्हणालो. माझा आवाज नेहमीसारखाच आला असावा, कारण त्यांनी पुन्हा वहीत डोकं घातलं.

छत्री म्हणजे लेदर कोरल. जाड देठ, वर पसरट टोपी, त्या टोपीवर शेकडो बारीक बोटं पाण्यात हलत असतात. पावसाळ्यात उगवणाऱ्या आळंबीसारखं दिसतं. छत्री हे नाव बाईंच्या यजमानांनी, गायकवाड साहेबांनी, ठेवलं होतं. पहिली टाकी त्यांचीच हौस. साहेब रेल्वेत होते. शेवटच्या आजारपणात पलंग टाकीसमोर ओढून घेतला होता त्यांनी. ते गेल्यावर चार महिन्यांनी त्यांची छत्री मिटली.

बाईंनी मला फोन केला. मी गेलो. बोटं आत गेलेली, टोपी चुरगळलेली, रंग तपकिरी आणि वरून मेण चोळल्यासारखी चकाकी. आठ दिवस असंच आहे म्हणाल्या. मी दोन मिनिटं बघितलं. सॉफ्ट कोरलचा माझा अनुभव तेव्हा दोन-चार टाक्यांचा. मला काहीही कळलं नव्हतं. पण कळलं नाही असं म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. टाकीवाल्याने बघायचं, मान हलवायची आणि निकाल द्यायचा. मी मान हलवली. म्हणालो, "गेलंय. आताच काढलं नाही तर पाणी खराब करेल."

बाईंनी विचारलं, "हे व्हायच्या आदल्या दिवशी मी काच पुसायला पाण्यात हात घातला होता. हाताला क्रीम होतं. त्याने?"

मी म्हणालो, "असू शकतं."

हे दोन शब्द. मग मी छत्री प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि जाताना खाली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दोन महिन्यांनी कुर्ल्याला एका होलसेलवाल्याकडे माल घ्यायला गेलो. त्याच्या टाकीत तसंच एक लेदर, मिटलेलं, मेणचट. मी म्हटलं, "मेलेलं कशाला ठेवलंय?" तो हसला. म्हणाला, "अरे, कात टाकतंय ते. जरा पाणी फिरव त्याच्याकडे." त्याने एक छोटा पंप थोडा वळवला. चौथ्या दिवशी मुद्दाम बघायला गेलो, तर ते ताटाएवढं उघडून बसलं होतं. लेदर कोरल अधूनमधून अंगावर मेणासारखा पापुद्रा आणतं आणि तो टाकून देतं. त्याबरोबर अंगावरची शेवाळं, घाण निघून जाते. प्रवाह असेल तर पापुद्रा सुटतो. नसेल तर तसाच चिकटून राहतो. एवढीच गोष्ट. बाईंच्या टाकीत एकाच कोपऱ्यात एक लहानसा पंप होता. तोही मीच निवडलेला.

म्हणजे साहेबांची छत्री मेली नव्हती. मी जिवंत प्राणी कचऱ्यात टाकला होता आणि दोष बाईंच्या हातावर ठेवून आलो होतो.

मी त्यांना सांगितलं नाही. एक छोटं लेदर नेऊन दिलं, म्हणालो, जास्तीचं आलं होतं. त्या किती खूश झाल्या! त्यानंतर दर महिन्याला सर्व्हिसिंगला जायचो तेव्हा बघायचो, बाई टाकीत हात घालायच्या आधी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवतात. सहा वर्षं मी ते हातमोजे बघत होतो. प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगू. मग चहा यायचा.

आता हीच दुसरी छत्री मोठ्या टाकीत जाणार होती.

या कामाची तयारी मी आयुष्यात कुठल्या कामाची केली नसेल अशी केली. पहिली गोष्ट वजन. पाणी, खालची टाकी, काच, दगड, स्टँड मिळून साडेआठशे किलोच्या आसपास. हॉलच्या मधोमध ठेवायचा नितीनचा विचार होता. मी बिल्डिंगच्या इंजिनिअरला नकाशा दाखवला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे बीमवर, भिंतीला समांतर जागा घेतली. नितीन हिरमुसला. "मधे ठेवली असती तर दोन्हीकडून दिसली असती यार."

"खालच्यांनाही दिसली असती," बाई म्हणाल्या.

दुसरी गोष्ट खालची टाकी. तिला आम्ही सम्प म्हणतो. वरच्या टाकीतलं पाणी पाइपने खाली सम्पमध्ये उतरतं, तिथे स्वच्छ होतं आणि पंपाने परत वर चढतं. सम्पमध्ये स्किमर असतो. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, घाण बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वरच्या कपात जमते. चहासारखं काळपट पाणी निघतं त्यातून. नितीनला वाटत होतं, पाणी वर चढवणारा पंप जितका मोठा तितकं पाणी स्वच्छ. तसं नाही. स्किमर एका वेळी ठरावीक पाणीच साफ करतो. बाकीचं तसंच गोल फिरतं. शिवाय पंप मोठा असेल तर आवाज वाढतो, बुडबुडे वाढतात आणि पाणी तापतं. मुंबईत पाणी तापणं म्हणजे चिलरचं काम वाढणं. माझा हिशेब साधा होता. तासाला वरच्या टाकीच्या पाचपट पाणी खालून फिरलं की बास. सव्वीस-सत्तावीसशे लिटर.

मी पाच हजार लिटर लिहिलेला पंप आणला. नितीनने बॉक्स उलटसुलट करून बघितला. "आता तर सत्तावीसशे म्हणालात."

"थांब."

गळती तपासायला आम्ही टाकीत आधी साधं पाणी भरलं होतं. वर येणाऱ्या पाइपाचं तोंड मी पंधरा लिटरच्या बादलीत धरलं. बाईंनी घड्याळ धरलं. बादली भरली.

"वीस सेकंद," बाई म्हणाल्या. आणि लगेच, "म्हणजे तासाला सत्तावीसशे."

"बॉक्सवर पाच हजार आहे!" नितीन ओरडला. "साल्यांनी फसवलं."

"भाषा, नितीन."

"फसवलं नाही," मी म्हणालो. "बॉक्सवरचा आकडा पाणी वर चढवायचं नसेल तेव्हाचा. इथे ते चार फूट चढतंय, दोन बेंड घेतंय."

"पाणी उंच न्यायला जोर लागतो, तेवढं प्रमाण कमी मिळणार," बाई म्हणाल्या. "सातवीच्या मुलांना कळायचं हे. तुला इंजिनिअर कोणी केलं?"

"तूच," नितीन म्हणाला. तो पवईला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पंपाशी त्याचा संबंध नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग मी मेन स्विच बंद केला. पंप थांबला की वरचं थोडं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी ठेवली नसेल तर हॉलभर खारं पाणी. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून सम्पमध्ये बघत होतो. पाणी चढत गेलं, काठाच्या चार बोटं खाली थांबलं. बाईंनी वहीत नोंद केली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. बावीस वर्षांत कोणी माझं काम असं बारकाईने बघितलं नव्हतं.

चिलर हजार लिटरपर्यंतचा घेतला आणि बाल्कनीत ठेवला, कारण तो पाण्यातली उष्णता काढून बाहेर फेकतो. हॉलमध्ये ठेवला असता तर हॉल तापला असता. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालवायचं हेही ठरवलं. चिलर नाही, दिवे नाहीत. फक्त एक वेव्हमेकर. पाणी हलत राहिलं की प्राणवायू मिळत राहतो. गारव्यावाचून टाकी काही तास काढू शकते. पाणी थांबलं तर तेवढा वेळही नाही मिळत.

वेव्हमेकर म्हणजे टाकीच्या आत काचेला लोहचुंबकाने धरून बसणारा छोटा पंखा. खरा प्रवाह तोच करतो. खालून येणारं पाणी त्यापुढे काहीच नाही. मऊ कोरलसाठी मी तासाला टाकीच्या पंधरापटीच्या आसपास धरतो. दोन वेव्हमेकर घेतले, एकेक तासाला सहा हजार लिटरचा, कमी-जास्त करता येणारा. समोरासमोरच्या काचांवर बसवले आणि दर दहा मिनिटांनी आलटून पालटून एकाचा जोर जास्त, दुसऱ्याचा कमी असे लावले. माझं गाव मालवणजवळ. लहानपणी खडकांत पोहताना अंगाला कळायचं, पाणी ढकलतं आणि मग ओढून घेतं. एकाच दिशेने ते कधीच वाहत नाही. इतकं अंगाला माहीत असूनही पहिली दहा वर्षं मी लोकांच्या टाक्यांत एकाच बाजूने नळासारखं पाणी सोडत होतो.

दगड रचले, खारं पाणी तयार झालं, तेव्हा मी पिशवीतून बांबूच्या काड्या काढल्या. कबाबला लावतात त्या. प्रत्येकीला दोन इंच पांढरी लोकर बांधलेली.

"हे काय आता?" नितीनने विचारलं.

"मीटर."

ही पद्धत माझी स्वतःची आहे आणि मला तिचा अभिमान आहे. काड्या दगडांच्या मधे, वाळूत, कोपऱ्यांत खोचायच्या. लोकरीचा धागा कुठे फडफडतो, कुठे डोलतो, कुठे लोंबतो ते बघायचं. पाणी दिसत नाही, धागा दिसतो. बाईंनी आलेखाच्या कागदावर टाकीचा नकाशा काढला आणि तेरा ठिकाणी खुणा केल्या. बारा ठिकाणी बाण आले, लांब, आखूड, उलटसुलट. तेराव्या ठिकाणी, मोठ्या दगडाच्या मागे उजवीकडे, धागा सरळ खाली लोंबत होता. तिथे त्यांनी शून्य काढलं.

"इथे काही नाही, सावंत."

"असू दे. माशांना विसावा लागतो."

महिनाभराने, पाण्याच्या चाचण्या सलग चांगल्या आल्यावर, आम्ही भाड्याच्या घरातल्या जुन्या टाकीतली जनावरं हलवली. मश्रूम, दोन जोकर मासे, आणि सगळ्यात शेवटी छत्री. तिची जागा मी निवडली. सुरक्षित जागा.

नवव्या दिवशी छत्री मिटली.

सकाळी नितीनचा फोन आला. "काका, या लवकर. वाट लागलीय." मी दुकान न उघडता निघालो. हॉलमध्ये शिरलो तेव्हा बाई टाकीसमोर उभ्या होत्या. हातात हातमोजे चढवलेले, पण हात पाण्यात घातला नव्हता. टोपी चुरगळलेली, बोटं आत, तपकिरी रंग, वर मेणचट चकाकी. सहा वर्षांपूर्वीचंच चित्र.

"काढून टाकू," नितीन म्हणाला. "मागच्या वेळी काढलं होतं ना? आता तर सहाशे लिटर पाणी आहे सगळं मिळून. एकासाठी सगळ्यांना मारायचं का?"

बाई माझ्याकडे वळल्या. "मागच्या वेळी माझ्या हाताने गेली. या वेळी मी काय केलं, सावंत? मी तर मोज्यांशिवाय बोटसुद्धा लावलं नाही."

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आधी दुसरंच उत्तर आलं. म्हणायचं, जागा बदलल्याचा धक्का बसलाय, थांबून बघू. ते खोटंही नव्हतं. छत्री उघडली असती, माझी वाहवा झाली असती. पण बाई ते मोजे घातलेले हात अंगापासून लांब धरून उभ्या होत्या, शाळेत शिक्षा झालेलं पोर उभं राहतं तशा. मला पुढे ढकलता आलं नाही.

"बाई, ही मरत नाहीये," मी म्हणालो. "ही कात टाकतेय. देठ दाबून बघा."

त्यांनी हात घातला, हळूच दाबलं. "घट्ट आहे."

मी तिच्या जवळचं पाणी वाटीत काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "वास घ्या. मेलेल्या कोरलचा वास लपत नाही."

"समुद्राचा वास आहे नुसता." त्या थांबल्या. "मागच्या वेळी तुम्ही देठ दाबला नव्हता."

"नाही."

"वासही नाही घेतलात."

"नाही. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, बाई. साहेबांची छत्रीसुद्धा मरत नव्हती. तीही कातच टाकत होती. मी जिवंत फेकली. तुमच्या हाताचा, क्रीमचा काही संबंध नव्हता."

बाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. 

"हे तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी सपाट, तोंडी परीक्षा घेतल्यासारखा.

"त्यानंतर दोन महिन्यांनी."

"आणि आज सांगताय."

"हो."

नितीन पुढे आला. "काका, आई हाताला क्रीम लावत नाही तेव्हापासून. डॉक्टरांनी दिलेलंसुद्धा नाही. थंडीत बोटं फाटून रक्त येतं तिच्या. आणि तुम्ही दर महिन्याला आमच्याकडे बसून चहा पिऊन जायचात." त्याचा आवाज चढला होता. "तुम्ही जा. मी दुसरा माणूस बघतो."

मला क्रीमचं माहीत नव्हतं. हातमोजेच काय ते दिसायचे मला. मी पिशवी उचलली. त्याचं काही चुकत नव्हतं.

"थांब रे," बाई म्हणाल्या. त्या कोणाशी बोलतायत ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. त्यांनी मोजे काढले, खुर्चीवर ठेवले आणि कपाटातून वही आणली. वहीतून आलेखाचा कागद काढला, टाकीच्या काचेवर टेकवला. "छत्री कुठे आहे?"

मी दगडामागची जागा दाखवली. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. शून्यावर.

"तुम्हाला ठाऊक होतं तिला प्रवाह लागतो. मग बरोबर जिथे धागा लोंबत होता तिथे का ठेवलीत?"

याचं उत्तर देताना मला खरी लाज वाटली. सगळं शिकूनसवरून, मोजून, धागे बांधून, मी छत्रीला टाकीतल्या सगळ्यात मेलेल्या पाण्यात ठेवलं होतं. "भीतीने," मी म्हणालो. "हिला काही होऊ नये म्हणून. जोराच्या पाण्यापासून लांब ठेवली."

बाईंनी कागद काचेवरून काढला. मग म्हणाल्या, "साहेबांच्या छत्रीचं मी नंतर बघीन. आधी हिचं. काय करायचं?"

"आई!" नितीन म्हणाला.

"त्यांना आता माहीत आहे, नितीन. तुझ्या दुसऱ्या माणसाला माहीत असेल याची खात्री आहे तुला?"

छत्री उचलून पुढे ठेवणं सोपं होतं. पण मिटलेल्या अवस्थेत पुन्हा जागा बदलली तर ती आणखी दिवस घेते. थेट पंखा तिच्याकडे वळवणंही चूक. एकाच बाजूने मारा बसला तर कातडी फाटते. मी डावा वेव्हमेकर चार बोटं वर घेतला आणि समोरच्या काचेकडे तिरका केला. पाणी काचेवर आपटून फुटेल, वळेल आणि दगडाच्या मागून परत येईल असा अंदाज. काडी खोचली. धागा लोंबतच राहिला. अजून जरा तिरका केला. नाही. उजवा थोडा कमी केला, म्हणजे परत येणाऱ्या पाण्याला तो अडवणार नाही. काचेला नाक लावून आम्ही तिघं बघत होतो. धागा हलला. मग थांबला. मग डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि डोलायला लागला.

"आला," नितीनच्या तोंडून निघून गेलं. मग आपण रागावलोय हे त्याला आठवलं.

बाईंनी शून्य खोडलं आणि तिथे दोन बाजूंना टोकं असलेला बाण काढला. "आठ दिवस," मला म्हणाल्या. "रोज सकाळी यायचं. चहा मिळणार नाही."

मी रोज गेलो. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी नितीनने पाण्याची चाचणी करून ठेवली होती. "अमोनिया शून्य," एवढंच बोलला. अमोनिया म्हणजे आत काही कुजत असेल तर वाढणारं विष. चौथ्या दिवशी टोपीच्या कडेला पापुद्रा सुटलेला दिसला, दुधावरची साय चमच्याला लागून वर यावी तसा. पाचव्या दिवशी तो निम्मा सुटून पाण्यात फडकत होता. बाईंनी विचारलं, "ओढून काढू?" मी म्हणालो, "नको. पाण्यालाच काढू दे." त्या दिवशी दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला गोल्डफिशच्या जागी एंजल बांधून दिले.

सहाव्या दिवशी मी दारात चपला काढतच होतो तेव्हा आतून नितीन ओरडला, "काका, आधी इकडे या!"

पापुद्रा गेला होता. टोपी पसरली होती, पूर्वीपेक्षा रुंद, फिकट सोनेरी. आणि बोटं बाहेर आली होती. सगळी. पाणी डावीकडून आलं की सगळी एकदम उजवीकडे झुकायची, पाणी परतलं की सगळी परत. मी खूप टाक्या बघितल्यात. पण माझ्या हाताने ठरवलेल्या पाण्यात असं काही हलताना बघून माझा ऊर भरून आला होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बाई बाजूला उभ्या होत्या. पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या. थोड्या वेळाने कपबशीचा आवाज आला.

चहा घेताना त्या म्हणाल्या, "साहेबांचं मी विसरणार नाही, सावंत. तेवढं धरून चाला."

"हो बाई."

"तुम्हाला माहीत नव्हतं, ते मला चालतं. वर्गात मीही कितीदा चुकीचं शिकवलं असेल. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त करायचे. मुलं हसायची. हसू देत."

हातमोजे त्या अजून वापरतात. मी एकदा म्हटलं, आता गरज नाही. म्हणाल्या, "सवय झाली. तुमचीच देणगी." पण क्रीम लावायला लागल्या आहेत, असं नितीनने सांगितलं. तो माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखा बोलायला लागला, पण आता माझ्या प्रत्येक वाक्यावर "नक्की?" असं विचारतो.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. टाकी उत्तम चालली आहे. मे महिन्यात दोनदा बराच वेळ वीज गेली, दोन्ही वेळा इन्व्हर्टरवरच्या एका वेव्हमेकरने निभावून नेलं. छत्रीने त्यानंतर तीनदा कात टाकली. आता बाई मला फोनसुद्धा करत नाहीत. वहीत तारीख लिहितात आणि वाट बघतात. आमच्या भागात मी लावलेल्या टाक्यांत ही सगळ्यात चांगली आहे, असं मी बेलाशक सांगतो.

त्यानंतर मी माझी पद्धत थोडी बदलली. कोरल मिटलं म्हणून फोन आला की आधी देठ दाबतो, वास घेतो, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणतो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. गेलं नाही. पंपाच्या बाबतीत सांगायचं तर आत काय ठेवणार ते आधी ठरवा, मग पाणी किती ते ठरवा, आणि पंप सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. आणि बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका, बादली आणि घड्याळ घ्या.

मागच्या महिन्यात बाईंच्या शाळेतल्या एक जुन्या सहकारी टाकी बघायला आल्या होत्या. त्यांनाही तशीच हवी होती. मी तेव्हा सम्प साफ करत खाली बसलो होतो. बाईंनी माझी ओळख करून दिली.

"हे सावंत. यांनी माझं एक जिवंत कोरल कचऱ्यात टाकलं होतं आणि सहा वर्षं मला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "टाकी यांच्याकडूनच करून घे."